माळवद उतरवताना निघालेलं सागवान किलोवर विकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की ‘टाकाऊतून टिकाऊ’ या नावाखाली बाटल्या, आइस्क्रीमच्या काड्या आणि जुन्या सीडी यांच्या कलाकुसरीवर बरंच छापून येतं. मुलांना सुट्टीत गुंतवायला ते चांगलं आहे. पण मराठवाड्यात आज खरोखर जे टाकलं जातंय, त्यावर कुणी लिहीत नाही. गावोगाव माळवदं, म्हणजे लाकडी तुळयांवरची मातीची सपाट छतं, उतरताहेत आणि तिथं स्लॅब पडताहेत. जुन्या घराचे खांब, तुळया, दांडे, दोन कवाडांची दारं, चौकटी, कोनाड्याच्या फळ्या भंगारवाला किलोवर नेतो. जे त्याला नको ते चुलीत जातं. आणि त्याच घरात महिन्याभरात भुशाच्या दाबलेल्या फळीचं कपाट हप्त्यावर येतं. दोन पावसाळ्यांत त्याचा तळ फुगतो आणि बिजागरीचे स्क्रू सुटतात, कारण फुगलेल्या भुशात स्क्रू धरत नाही.

माळवद राखा असं आमचं म्हणणं मुळीच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासच्या गावांत दगड-मातीच्या भिंती आणि वरचा मातीचा भार माणसांच्या अंगावर आला. तो भार उतरलाच पाहिजे. फक्त त्याखालचं लाकूड हा कचरा नव्हे. त्याचं काय करता येतं, किती खर्चात, आणि करताना कुठं चुकतं, हे मापासकट सांगावं म्हणून हे पत्र. थोडं लांबेल.

आधी लाकूड पारखा. सागाला पटाशीनं नखभर खरवडलं की आतून सोनेरी-तपकिरी रंग निघतो, हाताला किंचित तेलकट लागतं आणि चामड्यासारखा वास येतो. बाभूळ त्याहून जड आणि लालसर असते. मग पेचकसाचं टोक दाबून पाहा. एक-दोन मिलिमीटरवर थांबलं तर लाकूड घट्ट आहे. लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर तेवढा भाग कापायचा. हातोडीच्या दांड्यानं ठोकत गेलं की पोकळ जागा आवाजावरून कळते. दाराचा खालचा चार ते सहा इंच भाग बहुतेक वेळा गेलेला असतो, कारण वर्षानुवर्षं सडा-सारवणाचं पाणी तिथंच मुरतं. तेवढ्यासाठी अख्खं दार टाकू नये. सागाचा गाभा किडा खात नाही, पण कडेचा पांढरट भाग खातो. म्हणून तुळईच्या कडेला भोकं दिसली की लगेच हात झटकू नका. मधलं लाकूड बहुधा ठणठणीत निघतं.

किडा जिवंत आहे की जुना, हे ओळखायची सोपी रीत आहे. लाकूड झाडून स्वच्छ करा, खाली काळा कागद अंथरा आणि आठ दिवस हलवू नका. कागदावर पिठासारखा ताजा भुगा पडला तर आत काम चालू आहे. तसं लाकूड इतर सामानात मिसळू नका.

रंगाकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात, आणि धोका तिथंच आहे. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारा नियम २०१६ चा. तो लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, हिरव्या आणि लाल रंगात, भरपूर शिसं असू शकतं. जुन्या दारावर असे पाच-सहा थर असतात. ते कोरडे घासले की उडणारी धूळ, आणि दिव्यानं जाळले की निघणारा धूर, दोन्ही पोटात आणि रक्तात जातात. रांगणाऱ्या मुलाला तर हे फारच वाईट. म्हणून रंग काढायचा तर रिमूव्हर लावून खरवडायचा, किंवा पाणी मारत ओल्या कागदानं घासायचा. काम अंगणात करावं, खाली प्लास्टिक अंथरावं, नाकाला चांगला मास्क बांधावा. खरवड गोळा करून पिशवीत बांधून टाकावी. ती चुलीत किंवा उकिरड्यावर जाता कामा नये. कॉस्टिक सोड्यानं रंग झटपट निघतो खरा, पण सागवान काळं पडतं, वरचे तंतू केसासारखे उभे राहतात आणि नवं पॉलिश धरत नाही. थर घट्ट बसलेला असेल तर तो तसाच ठेवून वरून नवा रंग देणं हाही एक चांगला मार्ग आहे. प्रत्येक दार लाकडाच्या रंगात आणायलाच हवं असं काही नाही.

चुलीच्या धुरानं काळी झालेली तुळई साध्या कपड्याच्या साबणानं आणि काथ्यानं धुवावी, आणि पाणी लगेच पुसावं. धुण्याचा सोडा सागाला नको, तोही काळवंडवतो.

वाळवी आणि भुंगेऱ्यासाठी एक स्वस्त औषध आहे. एक लिटर कोमट पाण्यात ६० ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि ४० ग्रॅम बोरिक पावडर पूर्ण विरघळवा. कॅरमसाठी विकली जाणारी प्रत्येक पावडर बोरिक नसते, पाकीट वाचून घ्या. उघड्या लाकडावर ब्रशनं एक हात द्या, तास-दोन तासांनी दुसरा. कापलेल्या टोकांना आणि सांध्यांना जास्त पाजा, किडा तिथूनच शिरतो. सहा बाय दोन फुटांच्या एका कवाडाला दोन्ही बाजूंनी दोन हात द्यायला लिटरभर पुरतं. मग सावलीत तीन-चार दिवस वाळू द्या. रंग किंवा तेल असलेल्या लाकडावर हे लावणं फुकट जातं, कारण ते आत शिरतच नाही. पावसात धुऊन जातं, म्हणून घरातल्या सामानालाच वापरा. ज्या भांड्यात कालवलं ते पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

आता कवाडाचं टेबल. हे जरा सावकाश सांगतो, कारण यातच सगळ्यात जास्त लाकूड वाया जाताना दिसतं.

वाड्याच्या जुन्या दाराला समोरून उभ्या फळ्या आणि मागून आडव्या पट्ट्या असतात. लोहारानं घडवलेला खिळा समोरून ठोकून मागे वाकवलेला असतो. असा खिळा समोरून जंबुरानं (खिळे उपटायच्या पकडीनं) ओढला की फळी फाटते. आधी मागची वाकलेली टोकं पटाशीच्या कोपऱ्यानं उचलायची, सरळ करायची, मागून ठोकायची. डोकं वर आलं की मगच जंबूर लावायचा, जंबुराखाली पातळ लाकडी तुकडा ठेवून. खरं तर टेबलासाठी सगळे खिळे काढायची गरजच नाही. दाराची बांधणी शाबूत ठेवा आणि वर उठलेली टोकं तेवढी बसवा. पण रंधा मारायचा असेल तर एकही लोखंड विसरून चालत नाही. मोडक्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधून फळीवरून फिरवा, लपलेला खिळा तिथं ओढतो. हे न केल्यामुळं रंध्याची पाती तुटतात, आणि कटरची पाती तुटून उडाली तर डोळा जातो.

खालचा कुजलेला भाग काटकोनात कापा. आधी ८०, मग १२०, शेवटी २२० नंबरचा कागद, नेहमी रेषेच्या दिशेनं. आडवं घासलं की तेल लावल्यावर ओरखडे पांढरे उठतात. फळ्यांमधल्या फटी फेव्हिकॉल-भुशानं गच्च भरू नका. आपल्याकडे मे महिन्यात लाकूड आटतं आणि ऑगस्टमध्ये फुगतं. भरलेली फट पावसाळ्यात फळीला बाहेर ढकलते आणि उन्हाळ्यात स्वतःच तडकून पडते. खिळ्यांची भोकं मात्र भुशानं बुजवा, आणि तेल लावण्याआधी. तेलावर फेव्हिकॉल धरत नाही.

पायांसाठी त्याच घरातले दांडे चालतात. नाहीतर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून दीड इंची चौकोनी पाइपच्या दोन चौकटी करून घ्या. जेवणाचं टेबल तीस इंच उंच, दिवाणासमोरचं सोळा ते अठरा इंच. पायाच्या पट्टीला स्क्रूसाठी भोकं गोल न ठेवता आडवी लांबट, सुमारे दहा मिलिमीटरची, पाडायला सांगा. लाकूड रुंदीत हलतं, लोखंड हलत नाही. गोल भोकात घट्ट आवळलेलं कवाड दुसऱ्या वर्षी मधोमध चिरतं. स्क्रू फळीच्या जाडीच्या दोन-तृतीयांशाहून लांब नको, आणि सागाला आधी गिरमिटानं बारीक भोक पाडल्याशिवाय स्क्रू पिळायचा नाही. सागाचं सहा बाय दोन फुटी दीड इंच जाड कवाड पंचवीस-तीस किलोचं असतं, शिवाय त्यावरचं लोखंड. उचलायला दोन माणसं हवीत. कडी-कोयंडा राहू द्या, शोभतो; पण बसणाऱ्याच्या गुडघ्याला लागेल त्या बाजूला नको.

पॉलिशला कढवलेलं जवसाचं तेल उत्तम. रंगाच्या दुकानात ते अळशीचं तेल म्हणूनही मिळतं. पहिला हात तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं, पुढचे दोन हात तीन भाग तेल आणि एक भाग टर्पेंटाइन. लावल्यावर वीस मिनिटांनी कोरड्या फडक्यानं वरचं सगळं तेल पुसून काढायचं. हे पुसणं टाळलं की वर चिकट साय धरते आणि तिला धूळ लागते. दोन हातांत एक-दोन दिवसांचं अंतर ठेवा, आणि काम जून लागण्याआधी उरका. घाण्यावरचं खायचं जवसतेल आठवडे-आठवडे वाळत नाही आणि दमट हवेत त्यावर बुरशी येते. शेंगदाण्याचं किंवा करडीचं तेल खवट होतं. खेड्यात लाकडाला जळकं ऑइल लावायची सवय आहे. ते गोठ्याच्या मेढीला ठीक, पण घरात अजिबात नको. वास जात नाही, कपडे डागाळतात आणि कातडीलाही ते वाईट.

इथं एक गोष्ट प्रत्येकानं लक्षात ठेवावी. जवसाच्या तेलानं भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं आणि वाळताना गरम होतं. चुरगाळलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडते आणि काही तासांत ते आपोआप पेटू शकतं. काडी ओढावी लागत नाही. आपल्या मे महिन्यात तर लवकरच. काम झालं की फडकी बाहेर तारेवर एकेरी पसरून वाळवा, किंवा पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवा.

घरकुल योजनेत घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसकट. अशा घरात सहा फुटी टेबल अडचणच करेल. तिथं जुन्या खिडकीचं एक झडप भिंतीला बिजागरीनं अडकवून दुमडतं टेबल करा. दोन बाय तीन इंची लाकडी पट्टी भिंतीला जमिनीपासून अठ्ठावीस इंचांवर चार जागी दहा मिलिमीटरच्या अँकरनं बसवायची, झडप तिला तीन बिजागऱ्यांनी जोडायचं, खालून दोन दुमडते ब्रॅकेट. मुलाचा अभ्यास होतो, जेवण होतं, आणि रात्री खाली सोडलं की अंथरुणाला जागा मोकळी. चूक होते ती अँकरमध्ये. तो विटेत धरतो, सांध्यातल्या सिमेंटमध्ये किंवा नुसत्या गिलाव्यात धरत नाही. ड्रिल मारताना भुगा लाल निघाला तर वीट लागली. राखेच्या विटेत राखाडी निघेल, मग हाताला लागणारा जोर सारखा राहतोय का ते पाहा. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत आरपार बोल्ट घालून मागून लोखंडी पट्टी लावावी लागते. दगड-मातीच्या भिंतीत असलं काही टांगूच नका, पाय जमिनीवरच येऊ द्या.

खिडकीच्या चौकटीचा आरसा सगळ्यांना आवडतो. त्यात दोन गोष्टी सांभाळा. चार मिलिमीटरचा आरसा खाचेच्या मापापेक्षा चारी बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर लहान कापून घ्या, नाहीतर पावसाळ्यात फुगलेली चौकट त्याला तडा देते. आणि सिलिकॉन लावायचं तर सिरक्यासारखा आंबट वास येणारं नको. ते आरशाच्या मागचा चांदीचा लेप खातं आणि वर्षभरात काळे डाग पुढून दिसायला लागतात. न्यूट्रल लिहिलेलं मागा. बरं तर हेच, की मागून पातळ पट्ट्या आणि बारीक चुका मारून आरसा सैल धरून ठेवावा.

बैलगाडीच्या चाकावर काच ठेवून टेबल करायची आता हौस आली आहे. तुंबा, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्यांच्या, म्हणजे कडेच्या लाकडी घेराच्या, पातळीबाहेर येतो, म्हणून काच सरळ बसत नाही. मग कुणीतरी तुंबाच कापायला सांगतो, आणि सगळे आरे ढिले होतात, कारण त्यांची कुसं (खाचेत बसणारी टोकं) त्याच तुंब्यात आहेत. तुंब्याला हात न लावता पुठ्ठ्यांवर चार-सहा ठिकाणी लाकडी गट्टू बसवून काच तेवढी उंच घ्या. काच दहा किंवा बारा मिलिमीटरची, टफन केलेली. घरातल्या कोरड्या हवेत लाकूड आटून वरची लोखंडी धाव (पट्टी) सैल होते, म्हणून तिच्या आणि पुठ्ठ्याच्या मध्ये बारीक पाचरी ठोकून ठेवा. गाडीवाले उन्हाळ्यात चाकं ओलीत ठेवायचे ते याचसाठी.

लाकडाइतकंच कापड. आजीच्या सुती इरकल लुगड्याचे पडदे फार देखणे होतात, काठ उभे येतात म्हणून खिडकी उंच दिसते. हिशेब असा: नऊवारी सत्तावीस फूट लांब, रुंदी साधारण पंचेचाळीस इंच. सात फूट उंचीच्या पडद्याला दुमड धरून साडेसात फूट लागतात, म्हणजे एका लुगड्यात तीन तुकडे आणि वर साडेचार फूट उरतं. तीन तुकडे जोडून जवळजवळ अकरा फूट रुंदी मिळते. चुण्या चांगल्या पडायला खिडकीच्या दुप्पट कापड लागतं, तेव्हा सव्वापाच फुटांची खिडकी एका लुगड्यात होते. मागून जुन्या धोतराचं अस्तर लावाच. आपलं पश्चिमेचं ऊन बिनअस्तराचं सूत तीन-चार वर्षांत जाळतं. कापड आधी चुणीच्या कडेला फाटतं. लुगडं कापण्याआधी उजेडासमोर धरा: बसून बसून विरलेला भाग जाळीसारखा दिसतो, तो पडद्यात घेऊ नका.

विरलेल्या भागाची गोल सतरंजी करा. अडीच इंची पट्ट्या फाडा, कापू नका. फाडलेली पट्टी धाग्याच्या रेषेत सरळ येते. तिपेडी वेणी घाला आणि ती गोल गुंडाळत कडेला कड लावून जाड दोऱ्यानं शिवा. एका सुती नऊवारीत अडीच ते तीन फूट व्यासाची होते. ती वाटीसारखी वर उचलली तर तुम्ही बाहेरचा वेढा ताणून शिवताय. लाटा आल्या तर फार सैल. म्हणून शिवण मांडीवर घेऊन नको, सपाट फरशीवर ठेवूनच करा, आणि दर तीन वेढ्यांनी हात फिरवून पाहा. सिंथेटिक साडीची पट्टी सुतीत मिसळू नका: धुतल्यावर एक आटतं, दुसरं आटत नाही.

पैठणी कापू नका. जीर्ण झाली असेल तरी पदर तेवढा चौकटीत ठेवता येतो, आणि हिमरूचा (रेशीम-सुताच्या नक्षीदार कापडाचा) जुना तुकडाही. धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडावर बारीक रेशमी टाक्यांनी शिवायचा; डिंक किंवा फेव्हिकॉल लावला की रेशीम कडक होऊन चिरतं. काच कापडाला टेकू देऊ नका, मध्ये पट्टी घालून अर्धा इंच अंतर ठेवा, आणि चौकट उन्हाच्या भिंतीला लावू नका. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेली पैठणी त्या घडीवरच तुटते, हे ट्रंकेत असलेल्यांसाठी.

बारदान्याबद्दल थोडक्यात. ज्यूटचं पोतं गरम पाण्यात साबण टाकून दोनदा धुवा, कडक उन्हात वाळवा, मगच कापा. आधी कापलं तर आटून माप चुकतं. कडा लगेच दुमडून दाभणानं शिवा, ज्यूट पाहता पाहता उसवतं. उशीच्या खोळीला आतून सुती अस्तर, नाहीतर टोचतं. खताच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या गोण्या उन्हात तडकून त्यांचा बारीक चुरा घरभर होतो, त्या सजावटीत नकोत.

आणि ज्याला हात लावायचा नाही ते. कीटकनाशकाचे, तणनाशकाचे डबे आणि कॅन कितीही घासले तरी घरात कुंडी म्हणून, पाण्याला, धान्याला, खेळण्याला वापरू नका. प्लास्टिक ते औषध शोषून घेतं आणि नंतर सोडत राहतं. तीनदा खळबळून पाणी फवारणीच्या टाकीतच ओतायचं आणि डबा भोक पाडून निकामी करायचा, ही त्याची रीत. बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्याच्या रंगीत पिशव्यांचंही तेच. मुलांच्या खोलीत त्यांची तोरणं लावलेली दिसतात, त्यामुळं हे मुद्दाम लिहिलं. मोठे निळे ड्रम घेतानाही आत पूर्वी काय होतं हे विकणारा नक्की सांगू शकत नसेल तर घेऊ नका.

टायरच्या कुंड्या रंगवून अंगणात मांडतात. तळाच्या सगळ्यात खोल भागाला अर्ध्या इंचाची चार भोकं पाडल्याशिवाय मांडू नका. टायरच्या पोटात साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात, आणि वरून झाड हिरवंगार दिसत असतं.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कारखान्यांतून पाइनच्या पॅलेट (माल ठेवायचे लाकडी पाट) स्वस्तात मिळतात. परदेशातून आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो. त्यात एच-टी ही इंग्रजी अक्षरं असतील तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते घ्या. एम-बी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते सोडा. तेलाचे, रसायनाचे डाग असलेलीही सोडा. त्यांचे खिळे पिळाचे असतात, ओढले की फळी फुटते. दोन फळ्यांच्या मधून हॅक्सॉचं पान घालून खिळाच कापा. आणि पाइन हे वाळवीचं आवडतं खाणं आहे. काळ्या मातीच्या भागात ते जमिनीला किंवा ओल्या भिंतीला टेकवून ठेवलं तर एका पावसाळ्यात आतून पोखरून निघतं. टाकणखाराचे दोन हात, आणि खाली शहाबादीचे तुकडे.

पायली, अधोली, मापटं, चिपटं ही पितळी किंवा लोखंडी मापं, जुना कंदील, घंगाळ यांचे दिवे करायचे असतील तर वीज आधी बघा, शोभा मागून. धातूच्या भांड्यात तीन तारांचीच वायर घ्या आणि हिरवी (अर्थिंगची) तार भांड्याला स्क्रूनं पक्की जोडा. वायर जिथून आत जाते त्या भोकाला रबराची गोल बुशी बसवा. पत्र्याची धार वर्षभरात वायरचं कवच कापते आणि अख्खं भांडं करंट मारतं. बल्ब एलईडी, नऊ वॉटपर्यंत. शेडच्या कड्यासाठी शेतातली टाकून दिलेली ठिबकची सोळा मिलिमीटरची नळी छान वळते: एक फूट व्यासाला सव्वातीन फूट तुकडा, दोन्ही टोकं त्याच मापाच्या जॉइनरनं जोडायची, वरून लुगड्याची पट्टी गुंडाळायची. नळी ताठ असेल तर गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा. घंगाळात झाड लावायचं असेल तर त्याला भोक पाडू नका, आत वेगळी कुंडी ठेवा. पितळ चिंच-मिठानं उजळतं. नंतर पाण्यानं पूर्ण धुऊन लगेच कोरडं करा, मीठ राहिलं तर हिरवे डाग येतात.

शेवटी एक मागणी, आणि तीही माळवदाचीच. घरं पाडायचं काम बहुतेक दिवाळीनंतर सुरू होतं आणि लाकूड पहिल्या दोन-चार दिवसांत खराब होतं: ट्रॅक्टरनं ओढल्यामुळं चौकटीचे सांधे फाटतात, जेसीबीच्या बकेटनं कवाडं चिरतात, आणि उरलेलं मातीवर पडून राहतं. आधी दारं-खिडक्या हातानं काढून घ्या, मग दांडे, मग तुळया, जेसीबी त्यानंतर. प्रत्येक तुकड्यावर गेरूनं नंबर घाला, जोडीचं कवाड जोडीला राहू द्या. दगडांवर वीतभर उंच, दोन थरांमध्ये एक इंची काड्या घालून, सावलीत रचा, वरून पत्रा टाका पण बाजू उघड्या ठेवा. ताडपत्रीत गुंडाळू नका, आत घाम धरतो आणि बुरशी येते. ज्या ग्रामपंचायतींकडे रिकामी शेड आहे, त्यांनी ती अशा लाकडासाठी चार महिने उघडी ठेवावी आणि गावातल्या सुताराला तिथं काम करू द्यावं. आपल्या दैनिकातून ही गोष्ट सरपंचांपर्यंत पोहोचावी, एवढी विनंती.

आपले,
जुन्या लाकडाची आणि कापडाची कामं करणारे कारागीर,
जि. लातूर